तक्रार आहेच

राजूरच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या आईचं नारळ-दूर्वांचं दुकान होतं. चपला दुकानात फुकट सोडायच्या आणि नारळही तिथूनच घ्यायचा, असा तिथला रिवाज. ओरडून गिऱ्हाईक बोलवायचं काम लहानपणापासून या पोरीकडे. त्यामुळे सहावीच्या वर्गात मी पहिल्या दोन बाकांना शिकवायचे आणि ती शेवटच्या बाकावरून अख्ख्या शाळेला. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर ती देणार.

एकदा तपासणीला केंद्रप्रमुख आले. त्यांनी दारात पाऊल ठेवलं आणि ही उठली, "या साहेब, या, बूट इथं सोडा, बिलकुल फुकट हाय." ते बिचारे दर चतुर्थीला दर्शनाला येणारे. सवयीनं वाकले आणि एक बूट काढलासुद्धा. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मीही फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं. मुख्याध्यापक सरांना मात्र घाम फुटला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्या आईला शाळेत बोलावलं.

आई दुकान शेजारणीच्या भरवशावर टाकून आली होती. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मंग दुकानावरच बसवते तिला. मलाबी हाताखाली माणूस लागतंच. जल्दी सांगा, आजच नेऊ का?"

 पोर दाराशी उभी होती. एरवी तोंडाला खीळ नसलेली, ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. 

"न्यायचं नाव काढू नका," मी म्हणाले.

"शाळेनंच तर तक्रारीला बोलावलं ना, मॅडम?"

"तक्रार आहेच, ताई. उद्याही असेल. म्हणून काय पोर परत द्यायची?"

आई हसली. "ऱ्हाऊ द्या मंग," म्हणत उठली आणि दुकानाकडे गेली.

मला वाटलं, मिटलं. पण दुसऱ्या दिवसापासून पोरगी बोलेचना. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. मी प्रश्न विचारला की सगळा वर्ग सवयीनं मागं वळून तिच्याकडे बघायचा, आणि ती ओठ घट्ट मिटून बसलेली. ज्या शांततेसाठी मी वर्षभर घसा फोडला, तीच आता मला खायला उठली. शेवटी एके दिवशी खडू ठेवला आणि तिच्या बाकावर जाऊन बसले.

"काय गं, दुखतंय का कुठं?"

तिनं मान हलवली. मग इकडंतिकडं बघून अगदी हळू म्हणाली, "बोलले तर माय नेईल दुकानावर."

माझे डोळे भरून आले. मी तिचे केस नीट करू लागले.

"न्यायला आली तर आधी माझ्याशी भांडावं लागेल तिला," मी म्हणाले. "आणि भांडणात माझा आवाज तुझ्याहून मोठा आहे, ठाऊक आहे ना?"

तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मी खरं बोलते आहे की नाही, याची खात्री करून घेतली असावी.

"न्हाई मॅडम," ती दुकानावरच्या आवाजात म्हणाली, "माझाच मोठा हाय." शेजारच्या वर्गावरचे सर काय झालं म्हणून दारात येऊन बघून गेले.