वनरक्षकाच्या घरचा बोका

वनरक्षकानं तीस वर्षं एकाच गोष्टीची राखण केली, रानमांजराच्या वाणाची. डोंगरापलीकडच्या जंगलात आता एकच मादी उरली होती, तीही म्हातारी. घरच्या बोक्याशी तिची गाठ पडली तर वाणात भेसळ होईल आणि खरं रानमांजर कायमचं संपेल, हे तो उठताबसता सांगायचा. नुसतं सांगून थांबला नाही. मासळीचा तुकडा लावलेला पिंजरा घेऊन तो दारोदार फिरला, वस्तीतला एकूण एक बोका धरला आणि नसबंदी करून परत आणून दिला. शेजारीण त्यावरून महिनाभर बोलत नव्हती.

"अहो, आणि आपला?" बायकोनं विचारलं होतं.

"आपला घरकोंबडा आहे गं! उंबरा ओलांडत नाही कधी."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काळं अंग, छाती पांढरीशुभ्र, असा तो लाडोबा धन्याच्याच उशीवर झोपायचा. सकाळी कधीकधी त्याच्या पायांना ओली माती असायची. वनरक्षक ती स्वतः फडक्यानं पुसायचा आणि पुसताना काही म्हणजे काही विचार करायचा नाही. माया आंधळी असते म्हणतात. याच्या मायेला चांगलं दिसत होतं, तिनं डोळे मुद्दाम मिटले होते.

मादी व्यायल्याचं कळलं, म्हणून परवा भर दुपारी तो तिच्या कपारीपाशी गेला. आसपास एक पाखरू बोलत नव्हतं. रानमांजराचं पिल्लू डोळे उघडायच्या आधीपासून माणसाच्या वासाला फिस्कारतं, म्हणून तो दहा पावलांवर थांबला आणि कान देऊन उभा राहिला.

आतून म्यांव आलं.

शेपट्या उभ्या करून दोन पिल्लं बाहेर आली. पाठीवर रानाचे पट्टे, छाती पांढरीशुभ्र. जन्मात माणूस न पाहिलेली ती पिल्लं जुनी ओळख असल्यासारखी थेट त्याच्या बुटांशी आली आणि अंग घासू लागली. वरच्या खडकावर त्यांची आई उभी होती. ती फिस्कारत होती, पण त्याच्यावर नाही. पिल्लांवर.

"पळा!" तो ओरडला. "पळा की रे! माणूस आहे मी!"

पिल्लं हलेनात. त्यानं एक खडा उचलला आणि त्यांच्या बाजूला भिरकावला. दोघांनी त्यावर झेप घेतली, पंज्यांनी तो इकडून तिकडे लोळवला. मग परत येऊन त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली, दुसरा कधी टाकतोय म्हणून.

वर खडकावर आता कोणी नव्हतं.