गोळ्या झाडाला घालणारी आक्का

आशा कार्यकर्ती म्हणून मी गल्लीत लोहाच्या गोळ्या वाटायला लागले, तेव्हा सुलाक्का त्या निमूटपणे घ्यायची. मला वाटलं, चला, निदान एक बाई तरी ऐकते. मग एका सकाळी ती परसात शेवग्याच्या बुडाशी खुरपं घेऊन बसलेली दिसली. पाकिटातली एकेक गोळी काढून आळ्यात पुरत होती. मी कपाळावर हात मारला. तिनं मानही वर केली नाही. "बघतीस काय? गोळी झाडाला, झाडाचा पाला मला. तुझं सरकार बी खूश, मी बी खूश." वर मला त्याच पाल्याची भाजी नि भाकरी खाऊ घातली. भाजी झकास झाली होती, हे कबूल करायला हवं.

सुलाक्काचं घर चौसाळ्यात माझ्या घरापासून चौथं. पन्नाशीची, काटक, नवरा गेलेला, मुलगा नि सून रेखा जवळ. डॉक्टरचं औषध तिनं वर्षानुवर्षं घरात येऊ दिलं नव्हतं. ताप आला की लंघन, पोट बिघडलं की ओल्या मातीची पट्टी, कंबर धरली की एरंडेल. रोज सकाळी अनवाणी, उन्हाला पाठ देऊन बसायची. "शरीर शहाणं आसतंय," ती म्हणायची, "त्याला बोलू द्यावं. मधीच त्याचं तोंड दाबू न्हाई." लोकांना दवाखान्यात नेणं हे माझं काम, आणि लोक माझ्याआधी हिच्या दारात. मला राग यायचा. पण माझ्याच पोरीचा खोकला तिच्या अडुळशानं थांबला होता. ते मी कुठल्या रजिस्टरात लिहिलं नाही, एवढंच.

एकदा मी चिडून विचारलं, "आक्का, दवाखान्याचं एवढं वावडं कशाला?" ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

"सव्वीस वर्साची होते. उसाच्या फडावर जायचो आमी दोघं. माझ्या अंगावरून पांढरं जायचं. मुकादम म्हणला, पिशवी काढून टाक, पाळीचा खाडा बी टळंल."

आमच्याकडं गर्भाशयाला पिशवी म्हणतात. ऊसतोडीच्या टोळीत पिशवी काढलेल्या बाया मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत.

"नवरा म्हणला, नुसतं दाखवून येऊ. गेलतो दाखवायला. डॉक्टर म्हणला, आज काढली न्हाई तर कॅन्सर व्हईल. झालं. काढली. म्हैन्याच्या आत मी परत डोक्यावर मोळी घेऊन उभी. तवापासून अंगाची आग नि ही कंबर. पुढं एका नर्सबाईनं सांगितलं, ते आठ-दहा दिवसाच्या गोळ्यांनी बरं झालं आसतं. मंग मला सांग, माझी पिशवी का म्हणून काढली?"

मी दोन शेंगा सोलल्या आणि उठले.

त्यानंतर आमचं जमलं. टोळीतल्या पोरी पांढऱ्याची तक्रार घेऊन तिच्याकडं आल्या की ती आधी दम द्यायची, "पिशवीला हात लावू द्यायचा न्हाई," आणि मग हळूच माझ्याकडं पाठवायची. मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेऊन गोळ्या द्यायची. त्या बऱ्या व्हायच्या आणि श्रेय आक्काला मिळायचं. मिळू दे. तिनं निदान चार-पाच पोरींच्या पिशव्या वाचवल्या, हे मी कुणापुढंही सांगेन.

मग गेल्या वर्षी तिच्या डाव्या छातीत गाठ आली. हळद लावून एरंडाचं पान बांधलेलं होतं, त्याचा डाग पोलक्यावर दिसला म्हणून मला कळलं. हाताला दगडासारखी लागली.

"आक्का, तपासून घेऊ. हा कॅन्सर असू शकतो."

तिनं माझा हात झटकला. "त्या डॉक्टरनं बी हेच भ्या घातलं होतं. ह्योच शब्द. आता तू बी?"

मी रोज जाऊन बसले, समजावलं, भांडले, रेखाला मध्ये घातलं. आक्का पान बदलत राहिली. शेवटी मी ते केलं, जे करायला नको होतं. निराधार योजनेच्या पगाराचं काम आहे, अंगठा लागतो, असं सांगून तिला बीडला नेलं. स्टँडवरून रिक्षा थेट सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी थांबवली. आक्का उतरली. वास ओळखला.

"माझ्या मालकानं बी असंच आणलं होतं," ती म्हणाली आणि चालत स्टँडकडं निघाली. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही. पुढं चार महिने तिनं मला घरात घेतलं नाही. त्या चार महिन्यांचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

रेखा बोलवायला आली तेव्हा गाठ फुटली होती. खोलीत वास भरला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, आता फक्त दुखणं कमी करता येईल. दुखण्याच्या गोळ्या मात्र आक्कानं घेतल्या. मी पायाशी बसून म्हणाले, "मी खोटं बोलले आक्का. चुकलं माझं."

"खोटं बोललीस म्हणून वाटलं, बाकीचं बी खोटंच आसंल," ती म्हणाली. "खरं बोलली आसतीस तर भांडले आसते. पर भांडून आले बी आसते, कोण जाणे."

त्याच आठवड्यात फळवाल्या रफिकभाईंची सून शबाना आली. आक्का इतकी खंगलीय, हे तिला ठाऊक नव्हतं. दारातच घुटमळली, मग छातीला हात लावून म्हणाली, "आक्का, हितं गाठ लागती हाताला. दुखत न्हाई. कोणता पाला बांधू?"

आक्कानं रेखाला दार लावायला सांगितलं. पोलक्याची बटणं सोडली आणि वरचं फडकं बाजूला केलं. शबानानं तोंडावर ओढणी दाबली.

"मी बी पालाच बांधला होता," आक्का म्हणाली. "हिच्यासंगं जा." मग माझ्याकडं वळली. "आन तू हिला नीट सांग, कुठं नेतीस, तितं काय काय करत्यात. न्हाई म्हणली तर उद्या परत सांग. पर खोटं बोलू नको."

मी शबानाला सगळं सांगितलं. सुई कुठं टोचतात, काय निघू शकतं, निघालं तर काय काय करावं लागतं. ती रडली, नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती बुरखा घालून स्वतःच माझ्या दारात आली.

बीडला बाकावर नंबराची वाट बघत बसलो असताना रेखाचा फोन आला. मी फोन ठेवला तेव्हा शबाना माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय झालं, ताई?"

त्या क्षणी खोटं बोलावंसं फार वाटलं. ही घाबरून उठून गेली तर?

"आक्का गेली," मी म्हणाले.

ती बराच वेळ माझा हात घट्ट धरून बसली. मग आतून तिचं नाव पुकारलं. तिनं हात सोडवला, डोळे पुसले आणि आत गेली.