आमच्या ह्यांना सापडेल का?

कर्णिककाकू पाटीवर विश्वास ठेवत नसत. दारावर काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मग दार किलकिलं करून आत तेच आहे ना याची खात्री करायची, आणि तरीही मागे एकदा वळून बघायचं, ही त्यांची रीत. डोंबिवलीतल्या रुग्णसाहित्य केंद्रात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडेही तसंच बघितलं. केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. व्हीलचेअर, वॉकर, एअरबेड, ऑक्सिजनची मशीन. घरी आजारी माणूस असेल त्याने न्यायचं, गरज संपली की परत आणून द्यायचं. सगळा कारभार काकूंच्या हातात. मी घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत वेबसाइट बनवण्याचं काम करते. केंद्राची फुकट बनवून देते म्हणाले आणि तिथेच घोडं अडलं.

"फुकट?" काकू चष्म्यावरून म्हणाल्या. "मग यात तुझं काय गं?"

नमुना दाखवायला नेला तेव्हा मेनू अगदी चारचौघांसारखा होता: आमच्याविषयी, उपक्रम, सेवा, गॅलरी, संपर्क. मोबाइलवर हे सगळं कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे. काकूंनी त्या रेघा डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या.

"काय लपवलंयस इथे?"

"लपवलं नाही काकू, मेनू आहे. दाबलं की उघडतो."

"मग बंद का ठेवलाय? झाकून ठेवण्यासारखं काय आहे त्यात?"

मी उघडून दिला. आता त्यांचा संशय 'सेवा'वर गेला. कोणी कोणाची करायची सेवा? इथे खुर्ची मिळते की वर्गणी मागतात? 'उपक्रम' दाबलं तर शाल-श्रीफळ घेतानाचे अध्यक्ष आले, आणि ऑक्सिजनचं मशीन त्यांच्या पायाखाली कुठेतरी. काकूंनी फोन पालथा घातला. "अगं, घरात माणसाला धाप लागलीय. त्याचा मुलगा तिकडे कळव्याला बसून हे अंगठ्याने चाळतोय. त्याने मशीन मागायच्या आधी अध्यक्षांना नमस्कार करायचा का?"

मला राग आला होता. घरी येईपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि घरी आल्यावर त्या रेघा काढून टाकल्या.

मग दर शनिवारी परीक्षा. वस्तू न्यायला आलेल्या माणसाच्या हातात काकू फोन द्यायच्या, "यात वॉकर शोधून दाखवा" म्हणायच्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता अंगठ्याकडे बघत बसायच्या. माणूस म्हणायचा, "छान आहे हो साइट." काकू मला बाजूला घ्यायच्या. "तोंडावर जाऊ नकोस. तोंडावर सगळे छानच म्हणतात. अंगठा थबकला की समजायचं, शब्दाने फसवलं."

पण अंतिम परीक्षक कर्णिककाका. आयुष्य रसायनांच्या कारखान्यात काढलेला सज्जन माणूस, आणि काकूंच्या मते समोरची वस्तू न दिसण्याची त्यांना देणगी होती. कपाट उघडून टॉवेलसमोर उभे राहून "टॉवेल कुठेय?" विचारणारे. कुठलाही शब्द सुचवला की काकूंचा प्रश्न ठरलेला, "आमच्या ह्यांना सापडेल का?" संध्याकाळी काका त्यांना न्यायला यायचे आणि पकडले जायचे. "अहो, एअरबेड शोधा." काका शोधत शोधत फोटोंमध्ये शिरायचे आणि रमायचे. "पाहिलंस? हरवले," काकू म्हणायच्या. मग मी पुन्हा कामाला.

शेवटी मेनू उरला तो असा: वस्तू हवी आहे. वस्तू परत करायची आहे. वस्तू दान करायची आहे. फोन करा. सगळं उघड्यावर, ठळक. पहिल्या दोन गोष्टी 'वस्तू' या एका नावाखाली घालूया, असं मी सुचवलं होतं. काकू एकदम गंभीर झाल्या. "एकाच्या घरी आजारी माणूस आहे. दुसऱ्याच्या घरी तो कदाचित उरलेला नाही. दोघांना एका दारात उभं करू नकोस."

अध्यक्ष नाराज झाले. "संस्थेचं काही वजन दिसत नाही यात."

"वजन बघायला कोण येतंय साहेब?" काकू म्हणाल्या. अध्यक्षांचं मनोगत तळाला गेलं.

या सुमारास काकूंनी घाई लावली. खोकत, धुळीला शिव्या देत त्या रोज फोन करायच्या, "झालं का? की टाळते आहेस?" मला वाटलं, माझ्यावरचा संशय अजून फिटलेला नाही. एका शनिवारी काकांना त्यांनी ऑक्सिजनचं मशीन शोधायला सांगितलं. काकांचा अंगठा सरळ गेला, कुठेही न अडखळता. "पुन्हा करा," काकू म्हणाल्या. काकांनी पुन्हा केलं. काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "आता याला हात लावू नकोस." एवढ्या सहज त्यांचा विश्वास बसावा याचंच मला नवल वाटलं.

पावसाळा सरता सरता साइटवरून एक मागणी आली. ऑक्सिजनचं मशीन, नाव कर्णिक. पुन्हा परीक्षा दिसतेय, म्हणून मी हसतच फोन लावला. काकांनी उचलला.

"नाही गं, खरंच हवंय. हिला लागतंय. सापडलं मला."

थंडी पडायच्या आत काकू गेल्या.

मशीन परत करायला काका स्वतः केंद्रात आले. नोंद त्यांनी साइटवरूनच केली होती. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "फुप्फुसाचं तिला उन्हाळ्यातच कळलेलं. मला बोलली नाही." उन्हाळ्यात आम्ही वेबसाइटचं काम नुकतं सुरू केलं होतं. जगातल्या प्रत्येकावर संशय घेणाऱ्या त्या बाईबद्दल तेव्हापासून मलाच एक संशय आहे, आणि तो फेडायला आता त्या नाहीत.

"तिने माझ्याकडून सगळं शोधून घेतलं," काका म्हणाले, "वॉकर, एअरबेड, मशीन. परत करायचं तेवढं कधी शोधायला लावलं नाही. काल तिथे माझा अंगठा थांबला."

मी फोन काढून ती ओळ उघडली.

"शब्द चुकलेला नाही गं," ते घाईघाईने म्हणाले. "बदलू नकोस."