पेंगणारा आप्पा धावून आला

आमचा मल्हारीमामा म्हणजे पायाला भिंगरी लागलेला माणूस. उभा जन्म मेंढरांमागं चालला, पण खोटं कधी बोलला नाय. अन् तरीबी त्यानं एका गरिबाचं वाटोळं करायचंच बाकी ठेवलं होतं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली असतील. मामा जिंदगीत पहिल्यांदा मोटारीत बसला, तेबी डायवरशेजारी. फुलंब्रीच्या अलीकडं मोटारीनं आमच्याच गावच्या बद्रीनाथची बैलगाडी उडवली. त्याचा सोन्या बैल जागीच मेला. बद्रीनाथ ऊर बडवून सांगत होता, "गाडी कडंला उभी व्हती!" डायवर म्हणाला, गाडीच आडवी आली. फौजदारानं मामाला विचारलं, तर मामा छातीठोकपणे बोलला, "गाडी आमच्या अंगावर धावून आली. ह्या डोळ्यांनी पाह्यलं."

झालं! बैलबी बद्रीनाथचाच गेला आणि खटलाबी त्याच्यावरच.

मामाला मात्र अन्न गोड लागेना. बानाबाई मामी म्हणायची, "अवं, बद्रीनाथ खोटं बोलंल का?"

"मग म्या बोलतो का?" असं खेकसून तो ताटावरून उठायचा आणि अंगणात येरझाऱ्या घालायचा.

तारखेला औरंगाबादच्या कोर्टात गवाही द्यायला तो मोटारीनंच निघाला. बसला पुन्हा पुढंच. रस्त्याकडंला माझा बाप, आप्पा, मेंढरं राखत होता. राखतोय कसला! काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या पेंगत होता. आम्हा धनगरांची सवयच ती. आणि तो पेंगणारा आप्पा सणकन मामाच्या अंगावर धावून आला! मागून बाभळ आली, मैलाचा दगड आला. मामानं डोळे चोळून पुन्हा पाह्यलं. पायी चालताना कधी दगड अंगावर आला नव्हता हो त्याच्या! पुढं सारी वाट तो बाकावर चुळबुळत राहिला.

कोर्टात हात जोडून म्हणाला, "साहेब, गाडी उभीच व्हती. पळत म्या व्हतो."

"मग आधी खोटं सांगितलं?"

"नाय साहेब. दिसलं ते सांगितलं. दिसलं तेच चुकलं."

बद्रीनाथ सुटला. पायीच गावाकडं निघाला. मामाबी मोटार सोडून त्याच्या मागं चालू लागला. आठ कोस दोघं मागंपुढं चालले. शिवारात आल्यावर बद्रीनाथ वळला.

"मामा, माझा सोन्या म्या हाक मारल्याबिगर पाऊल उचलत नव्हता. साऱ्या गावाला ठावं व्हतं. तुमालाबी."

मामा तिथंच मटकन खाली बसला आणि लेकरासारखा रडला.