अस्तर लावलेले इनसोल

वनिताबाईंनी दोन्ही इनसोल माझ्या मशीनच्या फळीवर आपटले. नाल्याचं पाणी माझ्या मांडीवर उडालं.

"भाऊ, हे पायात घालाले शिवलं होतं, का माही घसरगुंडी पाहाची होती तुमाले?"

मी धानोऱ्यात टेलर आहे. कोट हा माझा खास विषय. वनिताबाई मडावी वनरक्षक. जंगलाचा एक ठरावीक भाग त्यांच्याकडे असतो, त्याला बीट म्हणतात. थंडीत पहाटे गमबूट घालून तिथे फिरायचं. गमबूट रबरी. पाणी आत येऊ देत नाही, गारठा मात्र अडवत नाही. बाईंच्या पायाची बोटं सुजून लाल व्हायची. त्यांना लंगडताना वनखात्याच्या साहेबांनी पाहिलं आणि सांगून टाकलं, असंच राहिलं तर बीट दुसऱ्याला, तुम्ही रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरा.

"त्या बीटमधलं अस्वल मले वळखते, भाऊ," बाई म्हणाल्या होत्या. "रोपाले काय समजते?"

म्हणून त्या माझ्याकडे आल्या. इनसोल म्हणजे बुटाच्या आत टाकायचा सुटा तळ. कोट शिवल्यावर लोकरीच्या कापडाचे तुकडे उरतात. गिऱ्हाईक मागत नाही, मी देत नाही. ते तुकडे एकावर एक तीन थर ठेवले आणि गोधडीसारखे टाके घातले. डाव्या पायाखाली एका नवरदेवाचा कोट आला, उजव्याखाली त्याच्या सासऱ्याचा. याचंही मला वाईट वाटलं. मला बऱ्याच गोष्टींचं वाटतं. बायको म्हणते, "तुमाले सुई टोचली तरी तुमी सुईची माफी मांगता."

इथवर ठीक होतं. मग कोटाची खोड आडवी आली. अस्तराविना कोट मला उघडा वाटतो. इनसोलही उघडेच वाटले. वरून मरून सॅटिन लावलं, कडेनं पायपिंग. इतके देखणे झाले की बुटात घालणं जिवावर आलं.

अस्तर कशासाठी असतं? शर्टावरून बाही सर्रकन जावी म्हणून. गुळगुळीतपणा हेच त्याचं काम. हे मी कितीतरी गिऱ्हाइकांना समजावलं आहे. बुटात लावताना मात्र डोक्यात आलं नाही. नाला ओलांडताना बाईंचा मोज्यातला पाय सॅटिनवरून पुढे गेला, तोल मागे राहिला, आणि त्या पाण्यात बसल्या. साहेब काठावर जीपमधून सगळं पाहत होते, नंतर बाईंनी बुटातून काढलेले मरून इनसोलही.

"काय म्हणाले साहेब?"

"म्हणे, मडावी, आंघोळ घरून करून येत जा. उद्या साहेब माही अखेरची फेरी पाहनार हाय. लंगडली का घसरली, का बीट गेली माही."

"बाई, चूक सगळी माझी. मी खरं म्हणजे..."

"रडू नका. शिवा."

नवीन जोड बेतला. या वेळी दोनच थर. तिसऱ्याने बूट आवळत होता, आणि आवळलेला पाय जास्त गार पडतो. बोटांना हलायला जागा हवी. लव असलेली खरखरीत बाजू वर ठेवली, म्हणजे मोजा धरून राहील. खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे पट्टे दाभणाने शिवले, म्हणजे इनसोल बुटात सरकणार नाही. सॅटिनचा गठ्ठा बायकोकडे दिला आणि कपाटाला कुलूप लावायला सांगितलं. स्वतःवर माझा भरवसा नव्हता.

पण बाई पुन्हा पडल्या तर? आधी तसाच एक जोड माझ्या मापाचा केला. गमबुटात घातला आणि दुकानामागच्या ओल्या बांधीतून, म्हणजे धान कापलेल्या शेतातून, नाल्यापर्यंत चालत गेलो. नाला दोनदा ओलांडला. मुद्दाम शेवाळावर पाय दिला. चहावाला टपरीतून ओरडला, "टेलरभाऊ, धान कापून झालं. आता बांधीत कोट पेरून राह्यले का?"

पडलो नाही. पाय गरम होते. संध्याकाळी बाई जोड घेऊन गेल्या. आधी दोन्ही उलटून पाहिले, कुठे अस्तर आहे का म्हणून. त्यामुळे मला आणखी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. चाल सरळ होती.

"साहेबाची जीप फिरून दुसऱ्या टोकाले येवाच्या आधी मी तिथी उभी होती," त्या म्हणाल्या. "बीट माहीच हाय. आता तरी हसा ना, भाऊ. कोणी मेलं नाई."

आठवडाभराने दारात जीप थांबली. साहेबांनी आपले गमबूट काउंटरवर ठेवले. ते कोरे करकरीत होते.

"टेलर, मडावीला दिला तसा एक जोड मलाही कर. पण तो पहिला होता ना, मरून, चकचकीत, तसा."

माझ्याने राहवलं नाही. "साहेब, माझीच चूक होती ती. त्यावरून पाय घसरतो."

"घसरू दे. मी कुठे खाली उतरतो?"

बायकोकडून किल्ली मागून घेतली. सॅटिन लावलं, पायपिंगसकट. त्यांची अजून एकही तक्रार आलेली नाही. तेव्हापासून इनसोलला कोणी आलं की पायाचं माप मी नंतर घेतो. आधी विचारतो, तुम्ही चालणार आहात का?