डाव्या हाताचा बैल

माझ्या जिभेला हाड नाही, हे सेलूकडच्या आमच्या गावात कुणीही सांगेल. तरी नवऱ्याचं जे वाटोळं मी केलं ते त्यांना एक शब्दही न बोलता केलं.

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. हे कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. एका दुपारी उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला तो मनगटापासून तुटलाच. जीव वाचला, पण दीड वर्ष माणूस खाटेवरून हलला नाही. कानात जिन चालू असायचं त्यांच्या, झोपेतून ओरडत उठायचे. भेटायला येणारे तोंडावरच म्हणायचे, "थोटा झाला बिचारा, आता बायकोच्या जिवावर." मी तरी कुठे शहाणी? दिवसभर लोकांच्या शेतात निंदण करून यायची आणि थाळी आपटून म्हणायची, "गिळा."

मग एकदा सावरीच्या लाकडाचा ठोकळा त्यांनी दोन्ही तळपायांत धरला आणि डाव्या हातानं चाकू चालवायला बसले. तान्ह्या पोळ्याचा बैल करत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी बैल सजवून मारुतीपुढे उभे करतात, त्यातला. सहा महिने लागले त्या एका बैलाला. तेवढ्यात माणूस बदलला. जेवायला लागले, पोरीला गोष्टी सांगायला लागले.

"मले आता जिन आयकू येत नाई," एकदा म्हणाले. "मन कसं शांत झालं."

"मंग देवच कोरा ना, बैल काऊन?" मी म्हटलं. मला रडू येत होतं, पण सरळ बोलेल ती मी कसली.

"देवापुढं हात जोडाले दोन हात लागते," ते म्हणाले. "याले एक पुरते."

बैल मात्र खरंच वंगाळ होता. एक पाय आखूड, मान वाकडी, खाली ठेवला की कलंडायचा. शेजारीण म्हणाली, "बाई, डुक्कर केलं का हे?" आणि पोळ्यात बैल बसला किंवा पडला तर अपशकुन म्हणतात. आधीच शाळेत माझ्या पाच वर्षांच्या लेकीला 'थोट्याची' म्हणून चिडवायचे. माझा जीव तुटला. पोळ्याच्या तोंडावर हे बहिणीच्या गावी, जामला गेले होते. मी बैल पदराखाली घेतला आणि सुताराकडे गेले. म्हटलं, "जरासा सारखा करून दे."

त्यानं चारही पाय तासले, मान कापून नवी बसवली, वरून पॉलिश मारलं. घरी आणून मी मानेपासून खुरांपर्यंत झाकेल अशी झूल चढवली, बेगड लावली. हे पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी परतले. झुलीखालचा बैल काही त्यांना दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढे आमच्या बैलाला पहिला नंबर मिळाला. सरपंचांनी बनवणाऱ्याला पुढे बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे थोटे झाल्यापासून पहिल्यांदाच. हे हसत गेले. बैलाच्या पाठीवर हात फिरवला, मग झुलीखालून मानेवर, मग पायांवर. हसू गेलं.

"हा माहा नाई," ते म्हणाले.

"मले वाटलंच," मागून कुणीतरी म्हणालं, "थोट्याच्या हातून कायचं होते असं." सगळी माणसं खदखदून हसली. पोरगी पण हसली, लोक हसले म्हणून.

घरी आल्यावर मी तावातावानं बोलले, "पोरीसाठी केलं मी. मधातच पडला असता तं काय शोभा झाली असती?"

"पडला असता तं मी उचलला असता," ते म्हणाले. मग विचारलं, "ते कापलेलं कुठं हाये? जुनी मान?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी खरं सांगितलं. सुतारानं ते सगळं चुलीत घालून चहा केला होता, आणि मीही कपभर प्यायले होते.

त्यानंतर ते आठ-नऊ वर्षं जगले. चाकू पुन्हा हातात धरला नाही. मी पाया पडले, सावरीचं नवं लाकूड आणून दिलं, तेही तसंच राहिलं. मला मात्र कधी एक वावगा शब्द बोलले नाहीत. एकदा तरी त्यांनी शिवी घालायला हवी होती, म्हणजे मला भांडता आलं असतं. भांडणात मी आजवर कुणापुढे हरले नाही.