कंपनीशी सोयरीक

पौषातलं धुकं असं दाटलं होतं की वरवट बकालच्या शिवारात बांधापलीकडची तूर दिसत नव्हती. संजीवनी वांगी तोडत होती. देठाचे काटे गारठलेल्या बोटांना टोचत होते, पण तिचं ध्यान फोनकडं. दर दोन झाडांनी ओढणीला हात पुसायचा आणि पाहायचं. पुण्याच्या कंपनीचा आज होकार आला तर ऋत्विक राहणार होता. नाही आला तर दुपारच्या एसटीनं तो लोणारला घरी, आणि तिथून नोकरीवर. आणि ऋत्विक गेला की 'संगत' संपली.

'संगत' दोघांनी मिळून उभी केलेली. शेगावला सोबत कॉम्प्युटर शिकले, तेव्हाची ही खटपट. कोणाकडं दोन कॅरेट वांगी, कोणाकडं चार कॅरेट भेंडी. एवढ्यासाठी टेम्पो कोण करणार? म्हणून ज्यानं त्यानं संध्याकाळी फोनवर आपल्या बोलीत सांगायचं की उद्या किती माल निघते, आणि सॉफ्टवेअरनं सगळ्यांचा माल जुळवून एक गाडी भरवायची. यंत्राला वऱ्हाडी शिकवली ऋत्विकनं. माणसांना यंत्राशी बोलायला शिकवलं संजीवनीनं. पहिल्या पहिल्यांदा लोक मशीनलाच विचारायचे, "जेवण झालं काय?"

चार गावं धरली, पण पुढं सरकायचं तर रोज माल घेणारा, घरच्या गाड्या असणारा मोठा भागीदार पाहिजे होता. मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर पुण्याच्या भाजी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या छाया मॅडम गावात आल्या. संजीवनीच्या आईनं, सुभद्राबाईनं, पुरणाचा स्वयंपाक केला. मॅडमला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणा-नारळानं ओटी भरली. मॅडमचे डोळे खरंच भरून आले. "आपण सोबत वाढू," त्या म्हणाल्या. कागदावर ती नुसती चाचणी होती. पण घरानं धरलं, सुपारी फुटली.

कंपनीच्या गाड्या पार वडनेर भोलजीपर्यंत जाऊ लागल्या. मग संजीवनीनं जुन्या टेम्पोवाल्याला, कचरूला, दुसरं काम पाहायला सांगितलं. तो बिचारा वीटभट्टीवर लागला.

उन्हाळ्यात अकोल्याची एक कंपनी चालून आली. लहान, पण स्वतःचं कोल्ड स्टोरेज असलेली. ऋत्विक खूश झाला.

"दोघांनाही हो म्हणून टाकू."

"असं कसं बे? एका ठिकानी शब्द देल्यावर दुसऱ्या पाव्हन्याईले पोरगी दाखवतेत काय?"

"संजे, हे लग्न नाही. तिकडं कोणी आपल्यासाठी हळद लावून बसलं नाही."

"इमान त इमानच असते ना?"

"असतं. पण ते दोन्हीकडून असावं लागतं."

त्यानं डोक्याला हात लावला, पण तिच्या शब्दापुढं गेला नाही. तिनं स्वतः फोन करून अकोल्याला नाही सांगितलं, आणि वर छाया मॅडमलाही अभिमानानं कळवलं. "किती चांगली माणसं हो तुम्ही!" मॅडम म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्यावर संजीवनीनं सारा पावसाळा काढला.

धुकं विरायला लागलं तेव्हा फोन वाजला. मॅडमचा आवाज पडलेला.

"संजीवनी, आमच्याकडे चार जणांची चाचणी चालू होती. त्यातल्या दुसऱ्या एका टीमसोबत जायचं ठरलंय. सोमवारपासून तुमच्याकडच्या गाड्या बंद होतील."

"चार जन?"

"हो, अशीच पद्धत असते. तुम्हाला कल्पना होती ना?"

कल्पना कुठून असणार? तिनं विचारलंच नव्हतं. सुपारी फुटल्यावर व्याह्याला कोण विचारतं, तुम्ही अजून कुठं कुठं पाहून राह्यले म्हणून?

ऋत्विक बांधावर कॅरेट रचत होता. तिचा चेहरा पाहून थांबला. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. त्यानं हातातलं कॅरेट खाली ठेवलं.

"अकोलेवाल्याईले पुन्हा इचारू," ती म्हणाली. "मी पाया पडीन त्याईच्या."

"मी विचारलं गं. यंदाच्या दिवाळीतच. त्यांनी दुसरं कोणी धरलं."

"अन् मले सांगतलं नाही?"

"तू पुण्याची एवढी आस लावून बसली होतीस. कोणत्या तोंडानं सांगू?"

दुपारी एसटीत बॅग टाकून तो दारातच उभा राहिला. "सर्व्हर चालू ठेवतो मी. सध्या तरी."

"कशाले? गाडीच नाही त."

कंडक्टरनं घंटी मारली.

घरी सुभद्राबाई दारातच. "काऊन वं, पोरगा जेवला बी नाही?"

संजीवनीनं सगळं सांगितलं. माय खांबाला टेकून खाली बसली.

"पन तिची त आपन ओटी भरली होती," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, जसं काही पहिल्यांदा कोणी ऐकलंच नाही, "ओटी भरली होती ना वं तिची."

संजीवनीनं 'संगत'वर सगळ्या गावांना आपल्या आवाजात निरोप टाकला. "सोमवारपासून आपापली गाडी पाहा. चूक माही आहे." पहिलं उत्तर आलं वडनेरच्या म्हाताऱ्या गीताबाईचं. एकटी बाई, मळा वाहणारी. मागं कोंबड्यांचा कलकलाट.

"मंग माह्ये वांगे कोन नेईन वं, संजू? तो कचरू आहे ना, त्याले सांग."

कचरूचं नाव फोनात होतं. त्याच्यावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसली. काढून दिलेल्या माणसाला परत ये कसं म्हणावं, हे काही तिला सुचलं नाही. तिनं फोन उपडा ठेवला.

"लाईट जाईन आता," माय आतून म्हणाली. "दळन राह्यलं."

संजीवनी उठली. कोनाड्यातली चाळणी घेतली, गहू चाळले, खडे वेचले, डबा भरला. मग तो कमरेवर घेऊन ती चक्कीच्या वाटेला लागली.